उणे १८३ अंशांची हवा आणि शुक्रवारचे दिवे



ह्या अंकात गुडघेदुखीचा दुसरा भाग देऊ असं आम्ही कबूल केलं होतं. गुडघे कुठे पळून जात नाहीत, ते पुढच्या अंकात. मध्येच एक फोन आला आणि तो विषय जास्त निकडीचा वाटला.

फोन आपल्यातल्याच एका मावशींचा. वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम इथेच स्कारबरोत, मुलाच्या घरी. फुप्फुसं थकली म्हणून डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितला. बहुतेकांकडे खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारं विजेचं मशीन येतं. पण मावशींना प्रवाह जास्त लागतो, म्हणून त्यांच्याकडे द्रवरूप ऑक्सिजनचं पिंप आणून ठेवलं. ते पिंप अधूनमधून सुस्कारा टाकतं, नळी जोडायच्या जागी बर्फ धरतं, आणि बाहेर न्यायचा छोटा डबा त्यातून भरताना पांढरा धूर निघतो. नातू म्हणतो, आजीच्या खोलीत बॉम्ब आहे. मुलाने फर्मान काढलं, शुक्रवारचे दिवे बंद. मावशी अगदी रडवेल्या झाल्या होत्या. "सिस्टर, लग्न झाल्यापासून एक शब्बाथ चुकवला नाही गं मी. बाळंतपणातसुद्धा नाही. आता ह्या पिंपासाठी दिवे सोडू?"

फोनवर हो किंवा नाही सांगून मोकळं होता आलं असतं. पण चाळीस वर्षं नोकरी करून आम्ही एवढं शिकलो की नुसतं "करू नका" म्हटलेलं कोणी ऐकत नाही. का, ते समजलं तर माणूस आपणहून सांभाळतो. म्हणून आधी ह्या थंड वायूंची ओळख करून घेऊ आणि मग मावशींच्या दिव्यांकडे येऊ.

मुंबईत आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा ऑक्सिजन म्हणजे काळा सिलिंडर, खांदे पांढरे, आणि तो गोल गोल फिरवत वॉर्डात आणणारा वॉर्डबॉय. चावी लोखंडी साखळीला बांधलेली, कारण ती नेहमी हरवायची. एकदा एका वॉर्डबॉयने घट्ट बसलेल्या व्हॉल्व्हला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. आमच्या सिस्टर इन्चार्ज एरवी फार मऊ बोलायच्या, पण त्या दिवशी त्यांचा आवाज तीन वॉर्डांत ऐकू गेला. ऑक्सिजनला तेल म्हणजे दारूगोळ्याला काडी, हे वाक्य त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते बसलं.

तो मोठा सिलिंडर सात हजार लिटर वायूचा. रोग्याला मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर साडेअकरा तासांत रिकामा. म्हणजे चाळीस खाटांचा वॉर्ड असला तर विचारूच नका.

इथे कॅनडात आलो आणि बघतो तर भिंतीत नळ! पाण्याच्या नळासारखा ऑक्सिजनचा नळ, जोडा आणि सुरू करा. हा येतो कुठून हे आम्ही कितीतरी दिवस विचारलंच नाही, खोटं कशाला सांगा. मग एका उन्हाळ्यात बस पकडायला हॉस्पिटलच्या मागच्या बाजूने गेलो. जुलै महिना, अंगाची लाही लाही होतेय, आणि कुंपणाच्या आत एक उंच पांढरी टाकी. तिच्या शेजारी अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांचे खांब, आणि त्या खांबांवर वीतभर जाड बर्फ! तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, ही टाकी म्हणजे तुमच्या भिंतीतला नळ.

आता गंमत बघा. आपल्या मुंबईच्या स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर हलवला की आत डुचमळतो, कारण तो गॅस नुसत्या दाबाने पातळ होतो. ऑपरेशन थिएटरमधला नायट्रस ऑक्साइडही तसाच. ऑक्सिजनचं मात्र तसं नाही. साध्या तापमानाला तुम्ही त्याला कितीही दाबा, तो वायूच राहणार. आधी त्याला उणे ११८ अंश सेल्सिअसच्या खाली न्यावं लागतं, मगच दाबाला दाद देतो. आणि आपल्या वातावरणाच्या साध्या दाबात त्याला पातळ ठेवायचं तर उणे १८३. उणे १५० च्या खालच्या ह्या मुलखाला क्रायोजेनिक म्हणतात.

स्कारबरोच्या जानेवारीत उणे वीस झालं की आपण देवाचा धावा करतो. कॅनडात मोजलेली सगळ्यात कडक थंडी युकॉनमध्ये स्नॅग नावाच्या ठिकाणी, फेब्रुवारी १९४७ मध्ये, उणे ६३. कोविडच्या लशी ज्या सुक्या बर्फात आल्या तो उणे ७८. हे सगळं क्रायोजेनिकवाल्यांच्या दृष्टीने उन्हाळाच. म्हणून तर ती टाकी भर बर्फवादळात उघड्यावर उभी राहते आणि तरीही बाहेरची हवा आतल्या द्रवाला भट्टीसारखी गरम लागते. पंखांच्या खांबांना वीज नको, आग नको. आतून द्रव ऑक्सिजन जातो, बाहेरची हवा त्याला ऊब देते, तो उकळतो आणि वायू होऊन भिंतीत येतो. टाकी स्वतः म्हणजे एक मोठा थर्मास. दोन भिंती, मध्ये हवा काढून घेतलेली. असं भांडं जेम्स ड्यूअर ह्या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये अशाच थंड द्रवांसाठी केलं. आपला चहाचा थर्मास त्याच भांड्याचं नंतरचं लेकरू.

एवढा खटाटोप कशासाठी, तर जागेसाठी. एक लिटर द्रव ऑक्सिजन उकळला की साधारण ८६० लिटर वायू होतो. दहा हजार लिटरची टाकी म्हणजे बाराशेहून जास्त सिलिंडर एका ठिकाणी. फायदा ह्यात आणि धोकाही ह्यातच. द्रव झालेला वायू सारखा परत वायू व्हायला धडपडत असतो. थर्मास कितीही चांगला असला तरी थोडी ऊब आत शिरतेच. म्हणून टाकीला जादा दाब सोडून द्यायची वाट ठेवावीच लागते. पूर्ण बंद केली तर फुटेल. मावशींच्या पिंपाचा सुस्कारा तो हाच. तो बिघाड नव्हे. ते पिंप नीट श्वास घेतंय एवढाच त्याचा अर्थ.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमची भाची ठाण्याहून रोज फोन करायची. सासऱ्यांना खाट मिळाली होती, पण ऑक्सिजन उद्या असेल की नाही कोणी सांगत नव्हतं. आम्ही इथे सोफ्यावर बसून नुसतं "ह्याला विचार, त्याला विचार" करत होतो. हात बांधल्यासारखं वाटायचं. सासरे वाचले, पण त्या दिवसांत आम्ही बातम्या इतक्या बघितल्या की झोपेतही टँकर दिसायचे.

१९ एप्रिलला नवी मुंबईच्या कळंबोलीहून पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस निघाली. सात रिकामे टँकर मालगाडीच्या उघड्या वाघिणींवर चढवून थेट विशाखापट्टणमला. गाडी घाटातून जाऊ शकत नव्हती, कारण बोगदे आणि वरच्या विजेच्या तारा. मग वसई, सुरत, भुसावळ असा वळसा. परतताना नागपूरला काही टँकर उतरवले, बाकीचे २४ तारखेला नाशिकला पोचले. हवाई दलाची मोठी विमानं टँकर नेत होती, पण रिकामेच. भरलेले विमानात चढवता येत नव्हते, कारण तोच सुस्कारा. बंद विमानात शुद्ध ऑक्सिजन सुटत राहिला तर काय होईल ते आता तुम्हीच सांगू शकाल. नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकरसुद्धा धुऊनपुसून ऑक्सिजनला जुंपले होते. आणि अलिबागकडच्या मंडळींनो, वडखळजवळ डोलवीचा पोलादाचा कारखाना तुम्ही येताजाता पाहिलाय ना? पोलाद करताना भट्टीत ऑक्सिजन फुंकतात, म्हणून अशा कारखान्यांकडे स्वतःचे ऑक्सिजनचे प्लांट असतात. त्या दिवसांत तिथला द्रव ऑक्सिजन दवाखान्यांना गेला.

आणि २१ एप्रिल. नाशिक महापालिकेचं डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय. आवारातल्या द्रव ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. टीव्हीवर तो पांढरा ढग सगळ्यांनी पाहिला. लोक म्हणाले, बघा ऑक्सिजन उडून चालला. खरं म्हणजे ऑक्सिजन दिसत नाही. तो ढग हवेतल्या बाष्पाचा, थंडीने गोठलेला. न दिसणारा ऑक्सिजन त्याच्या आत होता आणि तोही जात होता. इकडे वॉर्डात नळ्यांमधला दाब उतरला. साधारण अर्धा तास पुरवठा खंडित झाला. त्या दिवशी २२ माणसं गेली.

आम्हाला तो ढग आठवत नाही इतक्या त्या वॉर्डातल्या नर्सेस आठवतात. आम्ही त्यांना पाहिलेलं नाही, पण ओळखतो. भिंतीवरचा काटा खाली येतोय, फ्लोमीटरमधली गोळी बसतेय, आणि एका वॉर्डात इतकी माणसं की आधी कोणाकडे धावायचं? सिलिंडरच्या काळात निदान एक संपला तर एकाच रोग्याचा प्रश्न असायचा. एका टाकीवर सगळे श्वास बांधले की सोय फार, पण शेजारी भरलेल्या सिलिंडरांची रांग तयार हवी, आणि ती कुठे आहे, कशी जोडायची, हे रात्रपाळीच्या सगळ्यात नव्या मुलीलाही माहीत हवं. निवृत्त होईपर्यंत आम्ही नव्या मुलींना पहिल्या दिवशी औषधांचं कपाट दाखवायच्या आधी ऑक्सिजन बंद करायचा व्हॉल्व्ह आणि जादा सिलिंडर दाखवायचो. मुली हसायच्या. हसू देत.

आता ऑक्सिजनची भावंडं. हवा गाळून, थंड करून करून पातळ केली की सगळे एकत्र पातळ होतात आणि मग आपापल्या वेळेला उकळून वेगळे होतात. नायट्रोजन उणे १९६ ला, आर्गॉन उणे १८६ ला, ऑक्सिजन उणे १८३ ला. तीन अंशांचा फरक, आणि त्यावर एवढा मोठा धंदा! दिसायला नायट्रोजन पाण्यासारखा, ऑक्सिजन मात्र फिक्कट निळा.

नायट्रोजन तुम्हाला भेटलेला असणार. फॅमिली डॉक्टरांनी चामखीळ जाळली असेल तर ती त्यानेच. "जाळली" आपण म्हणतो, पण ती गोठवलेली असते. उरळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ संस्था सुरू केली. तिच्या कामात संकरित गाईंसाठी वळूचं वीर्य ह्याच नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. मोटारसायकलला थर्मासचं भांडं बांधून गावोगाव जाणारे त्यांचे लोक शेतकऱ्यांना ठाऊक आहेत.

पण नायट्रोजनला आम्ही ऑक्सिजनपेक्षा जास्त भितो. ऑक्सिजन निदान आग लावून आपली ओळख देतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि मुख्य म्हणजे गुदमरल्याची जाणीवही नाही. आपला जीव घाबरा होतो तो शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. खोलीत नायट्रोजन भरला तर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून नेहमीसारखा बाहेर जातच राहतो, म्हणून माणसाला काही कळत नाही, दोन-चार श्वासांत तो पडतो. त्याला उचलायला धावलेला दुसराही पडतो. एका हॉस्पिटलात प्रयोगशाळेतला एक पोरगा नायट्रोजनचं भांडं घेऊन लिफ्टमध्ये शिरताना आम्ही पाहिला. मागून त्याचा वरिष्ठ ओरडत आला, लिफ्ट थांबवली, पोराला बाहेर ओढलं, भांडं एकटंच वर पाठवलं आणि स्वतः जिन्याने गेला. नियम तोच आहे. भांडं लिफ्टने, माणूस जिन्याने. लिफ्ट मध्येच अडकली तर?

आर्गॉन गरीब बिचारा, कशातच नाही. हवेत शंभरात जेमतेम एक भाग, कोणाशी संयोग करत नाही. आपल्या इथल्या घरांच्या दोन काचांच्या खिडक्यांत बहुधा तोच भरलेला असतो, थंडी अडवायला.

राहिला हेलियम, आणि त्याच्याबद्दल मात्र आम्हा टोरंटोकरांनी कॉलर ताठ करावी. सगळ्यात हट्टी वायू तो. उणे २६९ पर्यंत उकळतच राहतो. नेदरलंड्समध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी तो पहिल्यांदा पातळ केला. पुढे पंधरा वर्षं जगात दुसऱ्या कोणाला ते जमलं नाही. जमलं ते १९२३ मध्ये, आणि कुठे? टोरंटो विद्यापीठात, प्राध्यापक मॅक्लेनन यांच्या प्रयोगशाळेत. पहिल्या महायुद्धात हायड्रोजनने भरलेली हवाई जहाजं पेट घ्यायची, म्हणून इंग्रज आरमाराला न पेटणारा हेलियम हवा होता. मॅक्लेननसाहेबांनी तो हॅमिल्टनला आणि मग कॅल्गरीला जमिनीतल्या नैसर्गिक वायूतून काढून दाखवला. युद्ध संपलं, हेलियम उरला, तो प्रयोगशाळेच्या कामी आला. सेंट जॉर्ज स्टेशनवर उतरून खाली चालत गेलं की त्यांच्या नावाची इमारत दिसते. आम्ही कितीदा तिच्यासमोरून गेलो, मान वर करून नाव वाचलं नाही. १९३८ मध्ये हेलियम आणखी गार केला तर तो अजिबात न अडखळता वाहतो हे मॉस्कोत कपिट्झा यांनी आणि केंब्रिजमध्ये अ‍ॅलन व मायझनर यांनी दाखवलं. त्यातले अ‍ॅलन आणि मायझनर दोघेही टोरंटोत शिकलेले.

कोकणालाही हेलियमवर हक्क सांगायचा आहे बरं का. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण. विजयदुर्गच्या किल्ल्यात "साहेबाचे कट्टे" दाखवतात आणि सांगतात की लॉकियरसाहेबांनी इथूनच हेलियम शोधला. कट्टे खरे, ग्रहणही खरं. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते, आणि जाँसेन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते ग्रहण गुंटूरहून पाहिलं. लॉकियर यांनी ऑक्टोबरात घरच्या दुर्बिणीतून सूर्याची ती पिवळी रेघ टिपली. कोकणी माणसाने एवढ्यावरून रागावू नये.

एमआरआयच्या बोगद्यात तुम्ही पडून राहता तेव्हा तुमच्या भोवती असतो तो हा हेलियम. जुन्या पद्धतीच्या यंत्रात दीड-दोन हजार लिटर. तो चुंबकाला इतकं थंड ठेवतो की वीज फिरत राहते, विरोधच नाही. काही नव्या यंत्रांना सात-आठ लिटर पुरतो, आणि ते बरंच आहे, कारण फुग्यातून सुटलेला हेलियम पृथ्वीवर थांबत नाही, सरळ अवकाशात जातो.

द्रव हायड्रोजन उणे २५३ चा. तो रॉकेटवाल्यांचा. इस्रोचं स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन ५ जानेवारी २०१४ ला पहिल्यांदा यशस्वी झालं ते द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवर. उणे १६२ चा नैसर्गिक वायू जहाजांतून येतो, २०१३ पासून आपल्या दाभोळलाही. तिथे नर्सचं काम नाही, पुढे चलू.

तर मावशी, आता तुमचं पिंप. तीस लिटरचं धरलं तर त्यातून पंचवीस हजार लिटरहून जास्त वायू निघतो. मिनिटाला चार लिटरने चार दिवस. तो बॉम्ब नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. पण हवेत तो शंभरात एकवीस असतो, त्यात दोन-तीनच वाढला तरी साडीचा पदर एरवी हळू पेटेल तो भपकन पेटतो. आणि तो कापडात, केसांत, पांघरुणात मुरतो. नळी नाकातून काढली आणि लगेच काडी ओढली असं चालत नाही. निदान पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या हवेत बसायचं, आणि तेही डॉक्टर नळी काढू देत असतील तरच. तुमचे देत नाहीत.

पिंप उभंच ठेवायचं, कपाटात किंवा जिन्याखालच्या खोपटात नाही. बर्फ धरलेल्या जागेला उघडा हात नाही, कातडी चिकटून निघते. ओठ सुकले म्हणून व्हॅसलीन नको, पाण्यात विरघळणारं मलम मिळतं. आणि रागावू नका, नळी आहे तोवर खोबरेल तेल चापूनचोपून वेणी घालणं बंद. आमच्या सिस्टर इन्चार्ज असत्या तर त्यांनीही हेच ओरडून सांगितलं असतं.

दिव्यांबद्दल. उघडी ज्योत तुमच्यापासून आणि पिंपापासून कमीत कमी दहा फूट लांब. मेणबत्ती असो की काचेच्या पेल्यातली तेलाची वात. हन्नुकालाही तेच, आणि घरच्यांच्या स्मरणाचा चोवीस तासांचा दिवा तर अजिबात तुमच्या खोलीत नाही, कारण तो रात्री तुम्ही झोपल्यावर जळत असतो. हॉस्पिटलात ज्यू बायकांना शुक्रवारी विजेवरचे दिवे देतात, आम्ही स्वतः कितीजणींच्या उशाशी लावून दिलेत. धर्माला ते चालतं का, हे रब्बींना विचारा, नर्सला नाही.

हे सगळं फोनवर सांगितलं. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "सुनेने लावले आणि मी दारातून बघत ब्राखा म्हटली तर?" आम्ही म्हटलं, टेप आणा आणि मोजा.

शुक्रवारी दुपारी पुन्हा फोन. नातवाने मोजलं होतं. खोलीच्या दारापासून जेवणाच्या टेबलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत तेरा फूट दोन इंच.